रक्ताचा दोष की स्वभावाचा?

वर्गातला एखादा मुलगा महिनोन्‌महिने मलूल राहू लागला की दोन मते हमखास ऐकू येतात. 'घराण्यातच आहे ते', किंवा 'आळस आहे नुसता'. नैराश्याच्या विकाराविषयी शास्त्रज्ञांचे विचारही बराच काळ अशाच दोन टोकांमध्ये फिरले. त्या प्रवासाकडे आपण नजर टाकू.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यात किल्लारीचा भूकंप झाला. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्तांच्या मनःस्वास्थ्याचा अभ्यास केला. अशा आपत्तीनंतर नैराश्य वाढते. पण सारखाच आघात सोसलेल्या सर्वांनाच ते जडत नाही. असे का?

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून एक धागा मिळाला. २००० साली हे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ३७ टक्के निघाला. म्हणजे रुग्णाचा ३७ टक्के आजार आईवडिलांकडून आला असे नव्हे. समाजात कुणाला विकार होतो, कुणाला होत नाही, या फरकाचा तो हिशेब आहे. उरलेला मोठा वाटा परिस्थितीचा आणि अनुभवांचा.

मग नेमके जनुक कोणते? २००३ साली न्यूझीलंडमधल्या संशोधनात एका जनुकाचे नाव पुढे आले आणि ते खूप गाजले. २०१९ साली लाखो लोकांच्या नोंदी तपासल्यावर मात्र तो दावा टिकला नाही. त्याच वर्षी आठ लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीत १०२ जनुकीय फरक सापडले, प्रत्येकाचा परिणाम अगदी लहान. 'नैराश्याचे जनुक' असे काही नाही.

सवयींचे काय? अपुरी झोप, दारू, बैठे जीवन यांचा नैराश्याशी संबंध आहे. पण नैराश्यामुळेही झोप उडते, हालचाल मंदावते. हे चक्र तोडता येते का? गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तसा प्रयत्न झाला. साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी रुग्णांना रोजची कामे, गाठीभेटी, आवडीच्या गोष्टी थोड्या थोड्या पुन्हा सुरू करायला मदत केली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के.

जनुके आपण बदलू शकत नाही, पण ती भविष्यही ठरवत नाहीत. आणि 'ऊठ, पळायला जा' एवढे म्हणून भागत नाही. सोबत कुणीतरी लागते. त्या मलूल मुलासाठी ते पहिले माणूस बहुधा आपणच, शिक्षक, असतो. त्याला दोष न देता त्याच्याशी बोलावे, पालकांना विश्वासात घ्यावे आणि वेळेवर डॉक्टरांकडे पाठवावे.