अर्ध्या इग्लूची गोष्ट

आजच्या भागात एक इग्लू आहे आणि एक दफनभूमी. सांगतो कसं ते.

आधी इग्लू. 1922 मध्ये रॉबर्ट फ्लाहर्टीचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' आला. कॅनडाच्या उत्तरेत राहणाऱ्या इनुइट लोकांवरचा सिनेमा. लोकांना तो प्रचंड आवडला. पुढे 1926 मध्ये याच फ्लाहर्टीच्या 'मोआना'बद्दल लिहिताना जॉन ग्रियर्सनने 'डॉक्युमेंटरी' हा शब्द वापरला आणि तोच रूढ झाला.

आता गंमत बघा. नानूकचं खरं नाव अल्लाकारिआलाक. पडद्यावरची बायको त्याची बायको नव्हतीच. आत शूटिंगला उजेड पुरेना, म्हणून इग्लू अर्धाच बांधला. शिकारीला बंदुका वापरणाऱ्या माणसांच्या हातात हार्पून दिले, कारण फ्लाहर्टीला जुनं आयुष्य दाखवायचं होतं. इनुइट सहकाऱ्यांना हे सगळं माहीत होतं. माहीत नव्हतं ते प्रेक्षकाला. दोनेक वर्षांत अल्लाकारिआलाक वारला. शिकारीवर भुकेने गेला, अशी कथा पसरली. खरं तर बहुधा क्षयाने, घरीच. म्हणजे त्याच्या मरणाचीही गोष्टच झाली.

आता दफनभूमी. 1959 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये एका शेतकरी कुटुंबातल्या चौघांचा खून झाला. ट्रुमन कपोटीने त्यावर काही वर्षं खपून 'इन कोल्ड ब्लड' लिहिलं. पुस्तक 1966 मध्ये आलं. सगळं खरं आहे, असा त्याचा दावा. शेवटी तपास अधिकाऱ्याला दफनभूमीत मृत मुलीची मैत्रीण भेटते. प्रसंग सुंदर आहे, पण तो घडलाच नव्हता.

म्हणून मला ही दोन्ही कामं सख्खी भावंडं वाटतात. एकाकडे तासन्‌तास फुटेज, दुसऱ्याकडे वह्याच्या वह्या नोंदी. दोघंही कापतात, क्रम लावतात. आणि दोघांना मोहही एकच : गोष्ट नीट बसली पाहिजे.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. सर्व्हर पडला की लॉगच्या हजार ओळींतून दहा निवडून रिपोर्ट करतो. निवडणं हे कामच आहे. पण अकरावी ओळ मनाने लिहिली, तर उरलेल्या दहांवर कोण विश्वास ठेवेल?

तेव्हा डॉक्युमेंटरी बघताना विचारा, कॅमेरा कुठे होता? पुस्तक वाचताना विचारा, लेखकाला हे कुणी सांगितलं? ज्यांनी उत्तर स्वतःहून दिलंय, त्यांचा अर्धा इग्लूही चालेल.

भेटू पुढच्या भागात!