जठर नसलेल्या माशाचा आहार

आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण आहे. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. ज्यांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या, त्या आदिवासी कुटुंबांनी पुढे याच पाण्यात मासेमारी उभी केली आणि मुंबईच्या केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्थेच्या मदतीने पिंजऱ्यांत बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्ले, वाढवली. पिंजऱ्यातल्या पिल्लाला अन्न शोधत दूर जाता येत नाही. त्याची भिस्त मुख्यतः टाकलेल्या खाद्यावर. त्यामुळे मासा काय आणि किती पचवतो, हा प्रश्न थेट मच्छीमाराच्या खर्चाला भिडतो.

कटला, रोहू आणि मृगळ या तिन्ही माशांना जठर नसते. अन्ननलिका सरळ आतड्यात उघडते. आतड्याचा सुरुवातीचा भाग फुगीर असतो, पण तिथे आम्लही पाझरत नाही आणि पेप्सिनही नाही. दात जबड्यात नसून घशाच्या हाडांवर असतात. प्रथिने तोडण्याची जबाबदारी स्वादुपिंडातून येणाऱ्या ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन यांसारख्या विकरांवर पडते, आणि ती उदासीन ते किंचित अल्कधर्मी माध्यमात काम करतात. अन्न साठवायला पिशवीच नसल्याने दिवसाचे खाद्य एकदम न टाकता थोडेथोडे अनेकदा द्यावे लागते. थंडीत पाणी गार झाले की विकरांचा वेग मंदावतो. तेव्हा खाद्य कमीच करायला हवे.

शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा हे आपल्याकडचे रुळलेले खाद्य. पेंड महागली की सोयाबीनकडे वळावेसे वाटते. पण कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला अडवणारी द्रव्ये असतात. जठर असलेल्या प्राण्यात पेप्सिन आधीच थोडे काम उरकून ठेवते; रोहूला तो आधार नाही. योग्य उष्णता दिली की ही द्रव्ये बरीचशी निष्प्रभ होतात. टॅनिनही पचनात अडथळा आणते. हिरडा गोळा करणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्याला त्याचा तुरटपणा चांगलाच ठाऊक आहे. टॅनिन प्रथिनांना चिकटून ती पचनाबाहेर ठेवते, म्हणून सालबियांसारखी टॅनिनयुक्त पेंड कागदावर कितीही पौष्टिक दिसली तरी माशाला तेवढी लाभत नाही.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो फॉस्फरस. धान्याच्या कोंड्यात आणि तेलबियांच्या पेंडीत त्याचा मोठा भाग फायटेटच्या रूपात बांधलेला असतो, आणि तो सोडवणारे फायटेज हे विकर माशाच्या आतड्यात जवळजवळ नसते. मासळीच्या कुटीने प्रश्न सुटेल असे वाटते. पण तिच्यातला बराच फॉस्फरस हाडांत असतो, आणि हाड विरघळवायला आम्लच लागते. खाद्यात बाहेरून फायटेज मिसळावे, तर बुरशीपासून मिळवलेले फायटेज आम्लधर्मी माध्यमात उत्तम चालते, आणि नेमके तेच या आतड्यात नाही. कार्तिक बरुआ, ए. के. पाल, एन. पी. साहू आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या याच संस्थेत हा पेच हाताळला. रोहूच्या पिल्लांच्या खाद्यात त्यांनी फायटेजबरोबर सायट्रिक आम्लही घातले आणि माशाच्या हाडांतील खनिजांवर होणारा परिणाम तपासला. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या या कामाची मांडणी मला फार मोलाची वाटते: जठर जे आम्ल पुरवते, ते इथे खाद्यातूनच पुरवून पाहिले.

पचन मोजायची रीत साधी आहे. खाद्यात क्रोमिक ऑक्साइडसारखा न पचणारा पदार्थ मिसळतात. समजा, खाद्यात तो 1 टक्का आहे आणि विष्ठेत 4 टक्के निघाला. म्हणजे खाद्याचा कोरडा भाग चौपट आटला, 75 टक्के अंगी लागला. अट एकच, विष्ठा पाण्यात विरघळण्यापूर्वी गोळा झाली पाहिजे. जो करतो त्यालाच त्यातली चिकाटी कळते.

उरलेले 25 टक्के पिंजऱ्याच्या जाळीतून खाली जातात. त्यातला सुटा फॉस्फरस शेवाळाचे खत होतो. उन्हाळ्यात आवर्तने सुटून डिंभ्याचे पाणी उतरते, शेवाळ वाढायला ऊबही असते, आणि तोच फॉस्फरस कमी पाण्यात सामावतो. रात्री शेवाळही प्राणवायू ओढते. पहाटे पिंजऱ्यातले मासे वर येऊन तोंड उघडू लागतात, ते यामुळेही असू शकते.