जम्मूचे वाडिया सर

आजच्या भागात लढाई नाही की सेनापती नाही. आज बोलायचं आहे एका प्राध्यापकाबद्दल: दाराशा नौशेरवान वाडिया. जन्म 1883, सुरत. शिक्षण बडोदा कॉलेजात. 1907 साली, तेविशीत, ते जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायला गेले आणि जवळजवळ चौदा वर्षं तिथे राहिले.

या चौदा वर्षांचा उल्लेख बहुतेकदा एका वाक्यात उरकला जातो. जणू खरं काम पुढे सुरू झालं. मला हे पटत नाही.

जम्मूच्या पाठीशीच शिवालिकच्या टेकड्या आहेत. वाळूचा दगड, चिकणमाती, गोटे, सगळे थर तिरपे कललेले. आम्ही फौजी माणसं तिथे आड आणि उंची शोधतो. वाडियांना त्यात उंचावणाऱ्या हिमालयाची झीज दिसली, नद्यांनी आणून टाकलेली. कॉलेजला सुट्टी लागली की ते डोंगरात. तिथेच त्यांना स्टेगोडॉन या नामशेष हत्तीचा सुमारे 3 मीटर लांबीचा सुळा मिळाला.

विद्यार्थ्यांच्या हाती द्यावं असं पुस्तक मात्र नव्हतं. सरकारी सर्वेक्षण खात्याचा जुना ग्रंथ 1893 नंतर नव्याने निघाला नव्हता. मग वाडियांनी स्वतःच लिहिलं. ‘जिऑलॉजी ऑफ इंडिया’, 1919. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणापासून काश्मीरपर्यंत सारा देश त्यात आहे. पुढे कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. लक्षात घ्या, हे पुस्तक एका कॉलेज शिक्षकाने लिहिलं.

1921 मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाले. वय सदतीस. युरोपातली पदवी नसताना त्या खात्यात अधिकारी होणारे भारतीय तेव्हा जवळपास नव्हतेच.

आणि मग नंगा पर्वत. उंची 8126 मीटर. आग्नेयेकडून आलेल्या हिमालयाच्या रांगा इथे एकदम वळतात आणि दक्षिणेला, हजाराकडे जातात. दोन वेगळ्या पर्वतरांगा इथे भेटतात, असा एक विचार होता. वाडियांनी पायी हिंडून वळणाच्या दोन्ही अंगांचे खडक जुळवले. थर तेच, क्रम तोच! म्हणजे रांग एकच, पण वाकलेली. का वाकली? द्वीपकल्पाच्या जुन्या, कठीण खडकाचं एक टोक पंजाबच्या गाळाखालून पुढे घुसलेलं आहे, रांग त्याला वळसा घालते. 1931 साली हा निबंध छापून आला. तोवर पृथ्वीच्या भूपट्टांचा सिद्धान्त कुणी मांडलेलाही नव्हता.

पुढचं भरभर सांगतो. 1935 चा भारताच्या मातीचा नकाशा, त्यात त्यांचा वाटा. 1938 नंतर काही वर्षं सिलोन. स्वातंत्र्यानंतर खाण विभाग, मग अणुऊर्जेसाठी लागणाऱ्या खनिजांच्या शोधाची धुरा. 1957 मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य. भारतीय भूगर्भशास्त्रज्ञांत पहिले.

1968 साली दिल्ली विद्यापीठात हिमालयाच्या अभ्यासाची एक छोटी संस्था सुरू झाली. वाडिया तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते, आणि या कामामागे तेच होते. पुढच्याच वर्षी, जून 1969 मध्ये ते गेले. संस्था नंतर देहरादूनला हलली. आज तिच्या फाटकावर त्यांचंच नाव आहे.