दोन पत्र्यांमधला टाका

डाख द्यायचा तर तिसरा धातू लागतो, रिव्हेट ठोकायचा तर भोक. स्पॉट वेल्डिंगला दोन्ही नको. पत्र्याचंच पोलाद विजेच्या उष्णतेने बिंदूपुरतं वितळून शेजारच्या पत्र्याला धरतं. या तंत्राचं कूळ एलिहू थॉमसनपाशी नेतात. 1877 मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमधल्या व्याख्यानाच्या वेळी त्याच्या प्रयोगातल्या तारा विजेच्या झटक्याने चिकटल्या, आणि 1886 मध्ये त्याला पेटंट मिळालं. पण तो टोकाला टोक जोडत होता. पत्र्यावर पत्रा ठेवून बिंदूवर जोडण्याचं पेटंट 1912 मध्ये योहान हरमट्टाला मिळालं, आणि फोर्ड कंपनीविरुद्धच्या दाव्यात 1924 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात नवा शोध नाही म्हणून ते अवैध ठरवलं. निकाल मला पटतो. पण म्हणून हा टाका किरकोळ ठरत नाही. उष्णता कशी निर्माण करायची हे थॉमसनने दाखवलं. ती नेमकी कुठे होऊ द्यायची याचं शिक्षण पुढे चालू राहिलं, आणि त्याची परीक्षा जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याने घेतली.

पत्र्याला जस्तात बुडवण्याचं पेटंट सोरेलने फ्रान्समध्ये 1837 मध्येच घेतलं होतं. साध्या पोलादात विजेला सर्वांत जास्त अडथळा दोन पत्र्यांच्या मधे होतो, पत्रे बाहेरून दाबून प्रवाह सोडणारी तांब्याची टोकं पाण्याने थंड राहतात, म्हणून वितळण्याची सुरुवात आत होते. जस्त मऊ, ते दाबाखाली फटी बुजवतं आणि हा अडथळाच कमी करतं. ते सुमारे 420 अंशांना वितळतं, पोलादाला साधारण 1500 लागतात. म्हणजे आधी जस्त वितळून टाक्याभोवती कड्यासारखं बाजूला सरकतं, मग पोलाद पोलादाला भिडतं. जस्त आधीच खरवडून काढा, असं कोणी म्हणेल; पण मग सांध्यातच गंज लागेल. प्रवाह वाढवा, हे उत्तर बरोबर आहे, तरी अपुरं. जास्त तापलेल्या टोकावर तांबं आणि जस्त मिळून पितळ होतं, टोक पिवळं पडून पसरतं, तोच प्रवाह रुंद जागेत विरतो आणि टाका कच्चा राहतो. म्हणून टोक वरचेवर तासून पुन्हा नेमकं करावं लागतं. टाका पक्का झाला का, हे छिन्नीने पत्रे सोलून कळतं: एका पत्र्याला भोक पडतं, दुसऱ्यावर पोलादाची गुंडी उरते.