परळ ते बोस्टन आणि परत : फॉलिक आम्ल व ल्युकेमियावरील उपचारांचा इतिहास

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा शोधकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. ज्या रुग्णांच्या शरीरावरील निरीक्षणांतून शोध शक्य झाला, ते रुग्ण मात्र अहवालातील तक्त्यात आकडा होऊन राहतात. ल्युकेमिया म्हणजेच रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांचा इतिहासही यास अपवाद नाही. या रोगावरील औषधोपचाराचा प्रारंभ १९४७-४८ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे झाला, असे सर्वत्र नमूद केले जाते. हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. त्या औषधामागील एक महत्त्वाचा धागा मुंबईतील गरीब गर्भवती स्त्रियांपर्यंत, त्यांतील गिरणी कामगार स्त्रियांपर्यंत, मागे नेता येतो. प्रस्तुत लेखात हा धागा उलगडण्याचा आणि या ज्ञानाचा लाभ ज्या समाजातून ते उगम पावले त्या समाजापर्यंत केव्हा व कसा पोहोचला, याचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

निदान आहे, उपचार नाही

१८४५ मध्ये एडिंबरा येथील जॉन ह्यूज बेनेट यांनी छपरावर पाटीचा दगड बसविणाऱ्या २८ वर्षांच्या एका कामगाराच्या शवविच्छेदनाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. रुग्णाचे रक्त पुवासारखे दिसत होते आणि प्लीहा अतिशय वाढली होती. बेनेट यांनी हे रक्तात पू होण्याचे लक्षण मानले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्खो यांनी अशाच एका रुग्णाचे वर्णन केले. परंतु पू होण्याचे कोणतेही कारण सापडत नसल्याने त्यांनी या अवस्थेस केवळ 'पांढरे रक्त' असे म्हटले. १८४७ मध्ये त्यांनीच त्यास 'ल्युकेमिया' हे ग्रीक मूळाचे नाव दिले. लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची नोंद याहूनही जुनी आहे. लंडन येथील थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये ग्रंथी व प्लीहा यांच्या विकृतीचे वर्णन केले आणि पुढे १८६५ मध्ये सॅम्युएल विल्क्स यांनी त्या रोगास हॉजकिन यांचे नाव दिले.

यानंतरच्या पाऊणशे वर्षांत निदानाची साधने सुधारत गेली. पाउल एर्लिख यांच्या रंजकद्रव्यांमुळे पांढऱ्या पेशींचे प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखता येऊ लागले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस उरोस्थीतून सुईने अस्थिमज्जा काढून तपासण्याची पद्धत रूढ होऊ लागली. मात्र रोग अचूक ओळखला तरी वैद्याच्या हाती फारसे काही नव्हते. सोमल आणि क्ष-किरण यांमुळे काही रुग्णांना तात्पुरता आराम पडे. तीव्र ल्युकेमिया झालेले मूल मात्र काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत असे.

मुंबईतील रक्तक्षय

१९२८ मध्ये ल्यूसी विल्स या इंग्रज रक्तशास्त्रज्ञ मुंबईत आल्या. गर्भवती स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचे कारण शोधणे हे त्यांचे काम होते आणि परळ येथील हाफकिन संस्थेत चाललेल्या मातामृत्यूविषयक चौकशीचा तो भाग होता. या रक्तक्षयात तांबड्या पेशी संख्येने घटत आणि आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या होत. गर्भारपणातील मृत्यूचे ते एक गंभीर कारण होते. रुग्ण स्त्रिया बव्हंशी गरीब होत्या आणि त्यांत कापड गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियाही होत्या.

विल्स यांनी प्रथम संसर्गाची शक्यता तपासली. त्यानंतर त्यांनी आहाराकडे लक्ष वळविले. निकृष्ट आहारावर ठेवलेल्या प्राण्यांत असाच रक्तक्षय निर्माण होतो आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांना दिसून आले. 'मार्माइट' या नावाने विकला जाणारा हा स्वस्त अर्क रुग्ण स्त्रियांना दिला असता त्यांच्या रक्तात झपाट्याने सुधारणा झाली. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अर्कातील अज्ञात घटकास पुढे 'विल्स घटक' असे नाव पडले. तो घटक म्हणजे फोलेट होय, हे नंतर स्पष्ट झाले.

या संशोधनाचा ल्युकेमियाशी त्या वेळी कोणताही संबंध नव्हता. तथापि रक्तपेशींच्या निर्मितीस आहारातील एक विशिष्ट द्रव्य अनिवार्य आहे, हे त्यातून सिद्ध झाले. पुढील सर्व विचार याच पायावर उभा राहिला.

फॉलिक आम्लाकडून त्याच्या विरोधकाकडे

१९४१ मध्ये टेक्सास येथील संशोधकांनी पालकाच्या पानांतून जीवाणूंच्या वाढीस पोषक असे एक द्रव्य वेगळे केले आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्यास फॉलिक आम्ल म्हटले. या द्रव्याचे कृत्रिम संश्लेषण अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत १९४० च्या दशकाच्या मध्यास झाले. तेथील संशोधनाचे नेतृत्व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. १८९५ मध्ये आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले आणि मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेतलेले सुब्बाराव १९२३ मध्ये बोस्टनला गेले. हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्यासह त्यांनी विकसित केलेली फॉस्फरस मोजण्याची पद्धत जीवरसायनशास्त्रात सर्वपरिचित आहे. १९४० मध्ये ते लेडर्लीत दाखल झाले.

बोस्टनच्या बालरुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ सिडनी फार्बर यांनी लेडर्लीकडून मिळालेली फॉलिक आम्लाची संयुगे कर्करोगाच्या रुग्णांना देऊन पाहिली. रक्तक्षय बरा करणारे द्रव्य रक्ताच्या कर्करोगातही उपयोगी पडेल, अशी आशा बाळगणे अस्वाभाविक नव्हते. परंतु ल्युकेमिया झालेल्या मुलांत रोग अधिकच वेगाने वाढत असल्याचे त्यांना आढळले. या विपरीत निरीक्षणातूनच पुढचा विचार सुचला. जे द्रव्य निरोगी पेशींच्या वाढीस आवश्यक आहे तेच कर्करोगी पेशींनाही लागत असेल, तर त्याचा मार्ग अडविणाऱ्या द्रव्याने त्या पेशींची वाढ थांबली पाहिजे. पेशीविभाजनासाठी डीएनए घडवावा लागतो आणि त्याच्या घडणीत फोलेटची गरज असते. रचनेने फॉलिक आम्लासारखे, पण कार्यात त्याला अडसर ठरणारे 'अ‍ॅमिनोप्टेरिन' लेडर्लीच्या रसायनशास्त्रज्ञांनी तयार केले.

डिसेंबर १९४७ पासून फार्बर यांनी ते मुलांना देण्यास प्रारंभ केला. जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार १६ मुलांपैकी १० मुलांत सुधारणा दिसली. ही सुधारणा तात्पुरती होती. रोग उलटत असे. तरीही रसायनाने ल्युकेमिया मागे हटू शकतो, हे स्पष्टपणे नोंदले गेले. सुब्बाराव यांचे नाव या वृत्तांताच्या लेखकांत नव्हते आणि दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, त्यांचे निधन झाले.

एका औषधाकडून संयुक्त उपचाराकडे

अ‍ॅमिनोप्टेरिनची जागा लवकरच त्याच कुळातील मेथोट्रेक्सेटने घेतली. १९५० च्या दशकात जॉर्ज हिचिंग्ज व गर्ट्रूड एलियन यांचे ६-मर्कॅप्टोप्युरिन उपलब्ध झाले. आपल्याकडे घरोघरी कुंडीत दिसणाऱ्या सदाफुलीपासून मिळविलेले व्हिन्क्रिस्टिन १९६० च्या दशकात वापरात आले. प्रत्येक औषधाला कर्करोगी पेशी कालांतराने दाद देईनाशा होत. म्हणून १९६० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत एमिल फ्राय व एमिल फ्रायराइक यांनी चार औषधे एकत्र देण्याचा प्रयोग केला. मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी मेंदू व मज्जारज्जूभोवती दडून राहणाऱ्या रोगपेशींवर स्वतंत्र उपचार जोडले. त्यांच्या १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील उपचारक्रमात सुमारे निम्मी मुले दीर्घकाळ रोगमुक्त राहिली. लसिका ग्रंथींच्या कर्करोगातही हेच तत्त्व उपयोगी ठरले. चार औषधांच्या संयोगाने वाढलेल्या अवस्थेतील हॉजकिन रोगही बरा होऊ शकतो, हे १९७० मध्ये व्हिन्सेंट डेव्हिटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

परळकडे परत

१९३१ मध्येच, म्हणजे विल्स यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, मेहेरबाई टाटा यांचे ल्युकेमियाने निधन झाले. गिरण्यांच्या परिसरातील रक्तक्षय आणि उद्योगपतीच्या घरातील ल्युकेमिया यांचा परस्परसंबंध तेव्हा कोणाच्याही ध्यानात येणे शक्य नव्हते. पत्नीच्या स्मरणार्थ दोराबजी टाटा यांनी १९३२ मध्ये ल्युकेमियाच्या संशोधनास साहाय्य करणारा न्यास स्थापन केला. त्यांच्या पश्चात, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, परळ येथेच टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले.

मात्र रुग्णालय असणे आणि बरे होण्याची शक्यता असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाश्चात्य देशांत निम्म्याहून अधिक मुले बरी होत असताना भारतात हे प्रमाण फार कमी होते. जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू आणि खर्च न पेलल्याने अर्धवट सोडलेले उपचार ही त्याची ठळक कारणे होती. १९८० च्या दशकात मुंबई, मद्रास व दिल्ली येथील केंद्रांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने एकच समान उपचारक्रम स्वीकारला. त्यातही मेथोट्रेक्सेट होतेच. पद्धत एक असल्याने निष्पत्तीची तुलना करता आली, अनुभवाबरोबर उपचारजन्य मृत्यू कमी झाले आणि जगणाऱ्या मुलांचे प्रमाण लक्षणीय वाढले.

पुढील दोन टप्प्यांत प्रश्न अधिकाधिक किमतीचा होत गेला. दीर्घकालीन मज्जाजन्य ल्युकेमियावर २००१ मध्ये मान्यता मिळालेल्या इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपाचे एकस्व सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारले. त्यामुळे त्याच्या स्वस्त भारतीय आवृत्त्यांचा मार्ग खुला राहिला. रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींमध्ये जनुकीय बदल करणाऱ्या 'कार-टी' उपचाराची अमेरिकेतील किंमत २०१७ मध्ये ४,७५,००० डॉलर होती. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्याने विकसित झालेल्या 'नेक्सकार१९' या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. त्याची किंमत अमेरिकेतील किमतीच्या सुमारे दशांश आहे. तरीही लाखो रुपयांचा हा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच राहतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली गोष्ट अशी की, ल्युकेमियावरील पहिले परिणामकारक औषध हे कोणा एका प्रयोगशाळेचे अपत्य नव्हते. मुंबईचा रुग्णकक्ष, टेक्सासचा पालक, लेडर्लीचे रसायनशास्त्र आणि बोस्टनची आजारी मुले हे सारे त्यात सहभागी होते. दुसरे असे की, विल्स यांचा प्रश्न ल्युकेमियाचा नव्हता. तात्काळ उपयोगाच्या निकषावर त्यांचे काम तोलले असते तर त्याचे हे दूरचे फळ कोणालाच दिसले नसते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. फॉलिक आम्लाची स्वस्त गोळी लोहाबरोबर गर्भवती स्त्रियांना देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम भारतात १९७० मध्ये सुरू झाला, म्हणजे मूळ निरीक्षणानंतर जवळजवळ चार दशकांनी. त्याच ज्ञानातून निघालेल्या कर्करोगाच्या औषधाचा लाभ भारतीय मुलांना पद्धतशीरपणे मिळण्यास त्याहूनही अधिक काळ लागला. ज्यांनी ज्ञानास आपले रक्त दिले त्यांच्यापर्यंत ते ज्ञान परत पोहोचण्यास लागणारा काळ, हाही संशोधनाच्या इतिहासलेखनातील एक मोजमापाचा घटक मानला जाणे आवश्यक आहे.