‘.इन’ आणि ‘.भारत’ : संस्थेच्या पत्त्याची नोंदणी

संकेतस्थळाच्या पत्त्यात शेवटच्या बिंदूनंतर दोनच अक्षरे असली, तर ती एखाद्या देशाची किंवा प्रदेशाची असतात. भारताला ‘.इन’ मिळाले १९८९ साली. कॅरिबियन समुद्रातील अँटिग्वा आणि बार्बुडा या देशाकडे ‘.एजी’ आहे. जर्मनीत भागभांडवली कंपनीच्या नावापुढे हीच दोन अक्षरे लावतात, म्हणून तिथल्या कंपन्यांनाही हा पत्ता सोयीचा वाटतो आणि परदेशी असूनही तो त्यांना घेता येतो.

‘.इन’ असे मोकळे नव्हते. जानेवारी २००५ पासून नियम सैल झाले आणि कारभार ‘निक्सी’कडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे आला. निक्सी मान्यताप्राप्त नोंदणीदार कंपन्यांमार्फत नावे देते. जो आधी मागेल त्याला नाव, मुदत १ ते १० वर्षे. ‘.ऑर्ग.इन’ आपल्यासारख्या संस्थांसाठी आहे, ‘.गव्ह.इन’ फक्त सरकारी कार्यालयांना मिळते.

आमच्या दृष्टीने खरा प्रश्न पुढेच आहे. नाव कोणाच्या नावावर? बहुतेक मंडळांत एखादा हौशी तरुण संकेतस्थळ उभे करतो, नोंदणी स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ई-मेलवर करतो. दोन वर्षांनी तो नोकरीसाठी पुण्याला किंवा इंदूरला जातो. नूतनीकरणाची सूचना त्याच्याच जुन्या ई-मेलवर येत राहते. मुदत टळली की काही दिवस नाव परत मिळवता येते, पण उशीर झाला तर जादा शुल्क भरावे लागते. त्यानंतर नाव पुन्हा सर्वांसाठी खुले होते. यात त्या मुलाचा दोष नाही. नोंदणी संस्थेच्या नावाने असावी, ई-मेल कार्यालयाचा असावा आणि संकेतशब्द सचिव व कोषाध्यक्ष दोघांकडे असावा. ‘.इन’मध्ये मालकाची माहिती आडनावाने झाकण्याची सोय चालत नाही, तेव्हा तपशील खराच द्यावा. नावावरून भांडण झालेच, तर त्याच्या निवाड्यासाठी लवादाची वेगळी पद्धत आहे.

‘.भारत’ हा देवनागरी पत्ता ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाला. तो मराठीसह हिंदी, कोकणी, नेपाळी, मैथिली अशा ८ भाषांसाठी एकच आहे. म्हणजे ‘समाज’ हे नाव एखाद्या हिंदी संस्थेने आधी घेतले, तर मराठी संस्थेला ते वेगळे मिळणार नाही. उज्जैनला हे विशेष लक्षात ठेवावे लागते. शिवाय ‘उज्जैन’ आणि ‘उज्जयिनी’ ही संगणकाला दोन वेगळी नावे. दोन्ही हवी असतील, तर दोनदा पैसे. पत्त्यात मोकळी जागा चालत नाही. शब्द जोडून लिहावे लागतात किंवा मध्ये आडवी रेघ द्यावी लागते.

देवनागरी ई-मेल पत्ता मात्र अजून अनेक अर्जांत स्वीकारला जात नाही. म्हणून ‘.भारत’ घेतले, तरी पत्रव्यवहारासाठी ‘.इन’ सोडू नये.