चोरीसची माळ : मीठ, मिरची आणि सॉसेजच्या विषाची गोष्ट

मे महिन्याच्या शेवटी गोव्याची सहल करून आलेले एक काका ओपीडीत आले होते. रक्तदाब मोजून झाला, गोळ्या लिहून झाल्या, आणि उठता उठता त्यांनी विचारले, "डॉक्टर, म्हापशाच्या बाजारातून चोरीसची माळ आणलीय. तिथे दुकानात नुसती टांगलेली होती, फ्रीज नाही की काही नाही. पोरं खायची म्हणतायत. हे असलं कच्चं मांस चालतं का?"

काकांच्या या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. उघड्यावर टांगलेले मांस सडत कसे नाही? डुकराच्या मांसातून जंत होतात, ते खरे का? आणि बीपी असलेल्या माणसाने ते खावे का? तिन्हींची उत्तरे चोरीसच्या इतिहासात सापडतात, म्हणून आज थोडा इतिहास.

पावसाळ्याची बेगमी

फ्रीज नसलेल्या काळात मांस टिकवणे ही हौस नव्हती. आपल्या भोर-वेल्ह्यातल्या जुन्या माणसांना हे वेगळे सांगायला नको. हिरडस मावळ, गुंजण मावळ या भागांत पाऊस लागला की चार महिने घराबाहेर पडणे अवघड. त्याआधी घाटाखालून, वरंधा घाटाने किंवा मढे घाटाच्या वाटेने, सुकी मासळी वर यायची. सुकट, बोंबील डब्यात भरून ठेवले की पावसाळ्यात कालवणाची चिंता नसे. मूठभर सुकटीत घरभर माणसे भाकरी खायची.

गोव्यातही हेच होते. पावसाळ्यात समुद्र बंद, बाजार ओस. म्हणून उन्हाळ्यात कोकम, सुकी मासळी, मिरच्या, लोणची भरून ठेवायची. या बेगमीला तिथे 'पुरुमेंत' म्हणतात. हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द आहे, आणि पुरुमेंताच्या जत्रा आजही भरतात. चोरीस याच बेगमीतली एक वस्तू. कडक उन्हाच्या महिन्यांत करायची आणि पावसात पुरवून पुरवून खायची.

लाल रंग कुठून आला?

१५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांच्याबरोबर त्यांचे खाणेही आले. पोर्तुगालमध्ये या सॉसेजला 'शोरीसू' म्हणतात, शेजारच्या स्पेनमध्ये 'चोरिझो', आणि गोव्यात ते झाले 'चोरीस'.

गंमत अशी की ज्या लाल मिरचीमुळे हे सॉसेज ओळखले जाते, ती मिरची मूळची ना पोर्तुगालची, ना गोव्याची. ती अमेरिका खंडातली. कोलंबसच्या सफरींनंतर ती युरोपात पोचली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर भारतात आली. त्याआधी आपल्याकडे तिखटपणा काळ्या मिरीचा आणि पिंपळीचा होता. म्हणजे मावळातल्या ठेच्याचे आणि गोव्याच्या चोरीसचे मूळ एकाच बोटीतून आले म्हणायला हरकत नाही!

पण युरोपातली पद्धत गोव्यात जशीच्या तशी चालणे शक्य नव्हते. स्पेन-पोर्तुगालच्या डोंगराळ भागात डुक्कर कापायचे ते थंडीत. थंड, कोरड्या हवेत सॉसेज टांगले की ते सावकाश वाळते आणि थंडीमुळे जंतूही वाढत नाहीत. गोव्यात थंडी कुठली? तिथे हवा दमट आणि गरम, म्हणजे जंतूंसाठी उत्तमच. तिकडे जे काम थंडी करत होती, ते इथे दुसऱ्या कशाने तरी करून घ्यावे लागले.

त्यासाठी गोव्याच्या स्वयंपाकघराने एकामागून एक अडथळे उभे केले. मांसाचे हाताने तुकडे करून आधी मीठ लावून ठेवायचे. मीठ मांसातले पाणी ओढून घेते, आणि पाण्याशिवाय जंतू वाढत नाहीत. मग माडीपासून केलेल्या व्हिनेगरमध्ये वाटलेला मसाला लावायचा. व्हिनेगर आम्लता वाढवते आणि ती बहुतेक घातक जंतूंना मानवत नाही. मसाल्यातले लसूण, लवंग, दालचिनी थोडी मदत करतात, पण खरे काम मीठ आणि व्हिनेगरचे. मग हे मांस स्वच्छ केलेल्या आतड्यात भरायचे, दोऱ्याने बांधून मणी पाडायचे आणि माळ उन्हात वाळवायची. शेवटी चुलीवर टांगायची. धुराने वरचा थर कोरडा होतो, माशा दूर राहतात आणि धुरातली काही द्रव्ये जंतूंना रोखतात.

यातला कुठलाही एक अडथळा पुरेसा नाही. सगळे मिळून मांस टिकते. काकांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे. पण या उत्तरात एक 'पण' आहे.

सॉसेजचे विष

अडथळे कमी पडले तर काय होते, हे जगाला जर्मनीतल्या सॉसेजनी शिकवले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वुर्टेंबर्ग प्रांतात रक्त आणि यकृत भरलेली जाड सॉसेजे खाऊन माणसे मरत होती. ताप नाही, शुद्ध हरपत नाही. पण पापण्या जड होत, एकाचे दोन दिसे, तोंड कोरडे पडे, घास गिळता येत नसे आणि शेवटी श्वास थांबे.

जस्टिनस केर्नर नावाच्या डॉक्टरने या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. हे गृहस्थ कवी म्हणूनही प्रसिद्ध होते. १८२० मध्ये त्यांनी ७६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि १८२२ मध्ये १५५ रुग्णांची. बिघडलेल्या सॉसेजचा अर्क त्यांनी स्वतःवरही तपासून पाहिला! (कृपया कोणी अनुकरण करू नये.) हे विष हवा न लागणाऱ्या जागी तयार होते आणि ते मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारे संदेश अडवते, हे त्यांनी ओळखले. यामागचा जिवाणू सापडण्याच्या कितीतरी आधी!

पुढे १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एलझेल गावी अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वादकांनी खारवलेले मांस खाल्ले. त्यातले तिघे दगावले. एमिल व्हान अर्मेंजेम यांनी त्या मांसातून जिवाणू शोधून काढला. या आजाराला आपण बोट्युलिझम म्हणतो. लॅटिनमध्ये 'बोट्युलस' म्हणजे सॉसेज. सुरकुत्या घालवणाऱ्या इंजेक्शनच्या नावातला 'बोटॉ' हा तोच. केर्नर यांनी तेव्हाच सुचवले होते की हे विष अगदी थोड्या मात्रेत औषध म्हणून वापरता येईल.

पीएच ४.६ च्या खाली, म्हणजे पुरेशा आंबट पदार्थात, हा जिवाणू वाढत नाही. म्हणून चोरीसमधले व्हिनेगर फक्त चवीसाठी नसते. "मुलांना आंबट आवडत नाही" म्हणून घरी करताना व्हिनेगर किंवा मीठ कमी करणे हा धोका आहे. प्लास्टिकमध्ये हवाबंद करून ती बाहेर ठेवणे, हाही.

सोरा आणि गुलाबी रंग

या विषावर युरोपातल्या खाटकांकडे एक जुना उपाय होता : सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. बंदुकीच्या दारूत असतो तोच. सोऱ्याने मांस गुलाबी राहते आणि टिकतेही. १८९१ मध्ये एडुआर्ड पोलेन्स्के यांनी दाखवले की मांसातले जिवाणू या नायट्रेटचे नायट्राइट करतात. पुढे कारखान्यांत थेट नायट्राइटच वापरू लागले. बोट्युलिझम रोखण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

पण नायट्राइट आणि मांसातले काही घटक मिळून नायट्रोसामाइन नावाची संयुगे बनू शकतात. अशा एका संयुगाने उंदरांत यकृताचा कर्करोग होतो, हे १९५६ मध्ये मॅगी आणि बार्न्स यांनी दाखवले. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने खारवून, धुरी देऊन किंवा रसायने घालून टिकवलेले मांस पहिल्या गटात टाकले. तंबाखूही त्याच गटात आहे. त्यावरून "सॉसेज म्हणजे सिगारेट" असे मेसेज फिरतात. ते चूक आहे. पुरावा किती पक्का, हे गट सांगतो. धोका किती मोठा, हे सांगत नाही. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा अंदाज आहे. शब्द 'रोज' आहे, तो लक्षात घ्या. वर्षातून दोन-चार वेळा खाणाऱ्याने घाबरू नये. रोज नाश्त्याला सॉसेज-सलामी खाणाऱ्याने विचार करावा.

जंतांचे काय?

पोर्क टेपवर्म हा पट्टकृमी खरा आहे. डुकराच्या मांसातल्या बारीक फोडांतून तो माणसाच्या आतड्यात येतो, हे १८५५ मध्ये जर्मनीत क्युखेनमाइस्टर यांनी सिद्ध केले, तेही फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याच्या जेवणात असे फोड मिसळून. आज अशा प्रयोगाला कोणी परवानगी देणार नाही.

मात्र एक गैरसमज दूर करू. फिट्स आणणारी मेंदूतली गाठ (न्यूरोसिस्टिसरकोसिस) डुकराचे मांस खाल्ल्याने थेट होत नाही. ती होते या जंताची अंडी पोटात गेल्याने. ही अंडी जंत झालेल्या माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, मातीत आणि भाजीवर येतात. म्हणूनच शुद्ध शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. कोथिंबीर, मुळा, गाजर नीट धुणे आणि शौचानंतर साबणाने हात धुणे हा त्यावरचा उपाय. आणि मांस खाणाऱ्यांनी ते पूर्ण शिजवणे, म्हणजे जंताचे चक्रच तुटते.

वाळवलेले म्हणजे शिजवलेले नाही

आता काकांची माळ. चोरीस वाळलेली असली, तरी ती कच्चीच असते. घरी करताना :

• आणल्यावर फ्रीजमध्ये ठेवा. भोर-वेल्ह्याच्या पावसाळी हवेत ती बाहेर टांगू नका.
• चिकट झाली, बुरशी दिसली, वास बदलला तर टाकून द्या. चाखून पाहू नका. बोट्युलिझमचे विष असलेल्या मांसाला वास येईलच असे नाही, म्हणून खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या.
• दोरा काढा, आतडे सोलून आतले मांस मोकळे करा. थोड्या पाण्यात झाकण ठेवून तुकडे आतपर्यंत शिजेस्तोवर, साधारण अर्धा तास उकळा.
• तेल घालू नका. तिचीच चरबी सुटते, जास्त वाटली तर वरून काढून टाका.
• मग भरपूर कांदा आणि बटाटा घाला. मीठ अजिबात घालू नका, चरबीबरोबर बटाटा मीठही ओढून घेतो. पावाबरोबर किंवा भातात, दोन्ही छान.

गोव्यातल्या घरांत चार माणसांच्या भांड्यात मूठभर मणी पडतात, बाकी कांदा, बटाटा नाहीतर भात. आपल्या सुकटीसारखेच. टिकवलेले मांस ही पूर्वी भाजी नव्हती, ती चव होती. आपण फ्रीज आल्यावर तिची भाजी केली, आणि बिघडले ते इथेच.

कारण जे मीठ मांस वाचवते, तेच रक्तदाब वाढवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पोटात जावे. अशा सॉसेजच्या १०० ग्रॅममध्येच ३-४ ग्रॅम सहज असते. खारवलेला बांगडा, पापड, लोणचे यांनाही हाच हिशेब लावा. म्हणून बीपी, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी चवीपुरते, तेही क्वचित खावे. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना अर्धेकच्चे कधीच देऊ नये. क्षयरोगासाठी लिनेझोलिड ही गोळी चालू असेल तर असे मुरवलेले मांस टाळा. त्यातल्या टायरामीनमुळे रक्तदाब एकदम चढू शकतो.

आणि टिकवलेले काहीही खाल्ल्यावर एक-दोन दिवसांत पापण्या जड होणे, दोन-दोन दिसणे, गिळायला किंवा बोलायला त्रास होणे असे झाले, तर घरी थांबू नका. ताप नसला तरी लगेच मोठ्या रुग्णालयात जा.

काकांना मी सांगितले, "माळ पोरांना नीट शिजवून द्या. तुम्ही त्यातला बटाट्याचा एक तुकडा खा, आणि त्या दिवशी पापड-लोणचे बंद." ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे वास घ्यायचा फक्त!"

नाही काका, चव घ्यायची. ती त्यासाठीच होती.